विष्णुभट गोडसे : पोटासाठी निघाले आणि इतिहास घेऊन आले

मंडळाच्या कार्यकर्त्यांनी यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस मी. आयुष्यभर अंदाजपत्रके आणि मोजमाप वह्या लिहिल्या, लेख कधी लिहिला नाही. पण मागच्या वर्षी घडलेल्या एका फजितीमुळे एक जुने पुस्तक हातात आले, आणि त्या पुस्तकामुळे आमच्या घरातली एक गोष्ट कळली. ती आपल्या भेस्तानच्या मंडळींना सांगावीशी वाटली म्हणून हे धाडस.

फजिती अशी. कार्यालयाच्या कामाने मी गांधीनगरला निघालो होतो. रात्रीच्या गाडीत झोप लागली. सकाळी उतरताना बाकाखालची काळी बॅग उचलली आणि थेट बैठकीला गेलो. साहेबांनी नकाशे मागितले. मी सगळ्यांसमोर बॅगेची चेन उघडली, तर आत साड्यांचे नमुने! जरीच्या, फुलाफुलांच्या, छापील. कोणा सुरती व्यापाऱ्याची बॅग माझ्याकडे आली होती आणि माझे नकाशे घेऊन तो बिचारा अहमदाबादच्या बाजारात फिरत होता. दोन दिवसांनी बॅग परत मिळाली, पण तोवर ऐकायचे ते ऐकून झाले होते.

परतीच्या प्रवासात गाडी चार तास उशिरा होती. फलाटावर बसून मी नशिबाला दोष देत होतो. सोबतच्या एका स्नेह्याने पिशवीतून पुस्तक काढून हातात दिले आणि हे वाचा, मग तुमच्या दौऱ्याचे दुःख सांगा, असे म्हणाला. ते पुस्तक होते 'माझा प्रवास' आणि लेखक होते विष्णुभट गोडसे वरसईकर. शाळेत नाव ऐकलेले होते. माणूस मात्र त्या रात्री भेटला.

कर्जापायी घराबाहेर

रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे. तिथल्या भिक्षुकी करणाऱ्या घरात १८२७ च्या सुमारास विष्णुभटांचा जन्म झाला. वेदपठण, याज्ञिकी, पूजाअर्चा हे घरचे काम. पेशवाई असताना विद्वान ब्राह्मणांना पुण्यात आश्रय होता, दक्षिणा होती. १८१८ साली पेशवाई गेली आणि हा आधार हळूहळू आटला. कोकणातल्या लहान गावात भिक्षुकीवर किती मिळणार? घर मोठे, तोंडे खाणारी बरीच. त्यात घरातली लग्नकार्ये झाली आणि कर्ज डोक्यावर बसले.

अशा वेळी बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार आहेत. बायजाबाई म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी, मोठ्या दानशूर आणि करारी बाई. यज्ञासाठी लाखो रुपये खर्च होणार, दूरदूरचे विद्वान ब्राह्मण जमणार आणि दक्षिणाही तशीच मिळणार, असे बोलले जात होते. विष्णुभटांनी हिशेब केला. एवढे एक काम झाले तर कर्ज फिटेल आणि जमल्यास तीर्थयात्राही होईल.

वडिलांना हे पसंत नव्हते. उत्तर हिंदुस्थान म्हणजे दूरचा मुलूख, जाण्यायेण्याला महिनेच्या महिने, तिकडे भांगेचे व्यसन आणि तिकडच्या बायका पुरुषांना भुरळ घालतात, अशी त्यांची भीती. आज वाचताना हसू येते. पण आपल्यापैकी कितीजणांच्या आजी-आजोबांनी सुरतेला निघालेल्या पोराला जवळपास हेच सांगितले असेल! शेवटी काका रामभट बरोबर जायला तयार झाले, तेव्हा परवानगी मिळाली. १८५७ च्या वसंतात काका-पुतणे वरसईहून निघाले. विष्णुभट तेव्हा तिशीचे होते.

म्हणजे पाहा, हा माणूस लढायला निघालेला नव्हता, देश पाहायला नव्हता, पुस्तक लिहायला तर मुळीच नव्हता. कामाच्या शोधात निघालेला कर्जदार घरातला कर्ता मुलगा होता.

चुकीचे वर्ष, चुकीची वाट

पुणे, अहमदनगर करत, खानदेशातून सातपुडा ओलांडून ते माळव्याकडे निघाले. रेल्वे त्या भागात अजून पोचलेली नव्हती. महूच्या अलीकडे एका मुक्कामी त्यांना कंपनी सरकारच्या फौजेतले काही शिपाई भेटले. गप्पांतून काडतुसांची हकिकत कळली आणि लवकरच मोठा गोंधळ होणार हेही कळले. १० मे रोजी मेरठला उठावाची ठिणगी पडली होती. १ जुलैला महूची पलटण उठली. आपले दोन कोकणी भटजी नेमके त्या वणव्याच्या तोंडाशी येऊन पोचले होते.

मागे फिरावे की पुढे जावे? मागे फिरले तर कर्ज तसेच आणि लोक हसणार ते वेगळेच. पुढे गेले तर जिवाची शाश्वती नाही. ते पुढे गेले. उज्जैन, धार असे करीत, मिळेल तिथे दक्षिणा घेत ग्वाल्हेर गाठले. पण देशात आग लागली असताना यज्ञ कसला? ज्या मथुरेच्या यज्ञासाठी एवढी पायपीट केली, तो बाजूलाच राहिला.

कामासाठी परगावी जाऊन काम रद्द झाल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. आपण परतीचे तिकीट काढतो. विष्णुभटांपुढे तीही सोय नव्हती, कारण परतीच्या सगळ्या वाटांवर लढाया चालू होत्या. म्हणून ते ग्वाल्हेरहून झाशीला गेले.

झाशीतले दिवस

झाशीचे राजे गंगाधरराव १८५३ मध्ये वारले होते. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी १८५४ मध्ये संस्थान खालसा केले होते. १८५७ च्या जूनमध्ये तिथे उठाव झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी कारभार हाती घेतला. झाशीत मराठी घरे पुष्कळ होती. राणीसाहेबांचे वडील मोरोपंत तांबे दरबारात होते. विष्णुभटांना तिथे आश्रय मिळाला, धार्मिक कामे मिळाली, थोडी दक्षिणा गाठीला लागली.

राणीसाहेबांविषयी आपण पुतळे पाहिले, शाळेत धडे वाचले. घोडा, तलवार आणि पाठीला बांधलेले मूल, एवढेच चित्र आपल्या मनात असते. विष्णुभटांनी त्यांना रोजच्या व्यवहारात पाहिले होते. पहाटेचा व्यायाम, मल्लखांब, घोड्यावरची रपेट, मग स्नान, पूजा आणि त्यानंतर दरबाराचे काम, असा त्यांचा दिनक्रम त्यांनी लिहून ठेवला आहे. थंडीत कुडकुडणारे गोरगरीब पाहून राणीने त्यांना उबदार कपडे वाटल्याची हकिकत त्यांनी दिली आहे. आणि चैत्रातले हळदीकुंकू! शत्रू जवळ येत असताना किल्ल्यात चैत्रगौर बसली आणि गावातल्या बायकांना बोलावणे गेले. घरापासून शेकडो कोसांवर असलेल्या मराठी माणसांनी आपला सण सोडला नव्हता. भेस्तानमध्ये मंडप घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून किती जवळचे वाटेल!

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज झाशीला येऊन भिडली आणि तोफा सुरू झाल्या. मदतीला आलेल्या तात्या टोप्यांच्या सैन्याचा १ एप्रिलला बेतवेच्या काठी पराभव झाला. (हेच तात्या पुढे नर्मदा ओलांडून बडोद्याच्या रोखाने आले आणि डिसेंबर १८५८ मध्ये आपल्या गुजरातेत छोटा उदेपूरजवळ त्यांची इंग्रजांशी लढाई झाली.) ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. ४ तारखेच्या रात्री राणीसाहेब किल्ल्यातून काल्पीकडे निघून गेल्या.

विष्णुभट आणि काका मागे शहरात अडकले. पुढचे दिवस त्यांनी लपून, उपाशीतापाशी काढले. गल्लोगल्ली कत्तल चालली होती. लूट तर पायरीपायरीने झाली. आधी सोने, चांदी आणि रोकड गेली, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडेलत्ते, असे करत घरे धुऊन निघाली. काका-पुतण्यांनी जमवलेली दक्षिणाही शिपायांनी काढून घेतली. वर्षभराची कमाई एका क्षणात गेली.

पण मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. झाशीच्या राजवाड्यात मोठा ग्रंथसंग्रह होता, हाताने लिहिलेल्या पोथ्यांचा. तो या धामधुमीत नष्ट झाला. स्वतःचे पैसे गेलेला, पोटात अन्न नसलेला हा गरीब भटजी त्या पोथ्यांसाठी हळहळतो. पैसे पुन्हा मिळवता येतात. पोथी गेली की तिच्यातले ज्ञान कायमचे गेले, हे त्याला कळत होते.

विहिरीवरची भेट

झाशीतून जीव वाचवून निघाल्यावर काल्पीच्या वाटेवर त्यांची राणीसाहेबांशी पुन्हा भेट झाली. राणी पुरुषी वेषात, धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकुळ. विष्णुभट विहिरीतून पाणी काढून द्यायला पुढे झाले. त्यांनी थांबवले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये, असे सांगून त्यांनी स्वतःच मातीच्या भांड्याने पाणी काढले आणि ओंजळीने प्यायल्या. पुढे जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला त्या लढताना पडल्या. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत सेनापतींचे अहवाल असतात, तोफांची संख्या असते. तहानलेल्या राणीची ही विहीर मात्र आपल्याला एका लुटल्या गेलेल्या भिक्षुकाने दाखवली.

त्यानंतरही हाल संपले नाहीत. वाटेत पुन्हा लुटारूंनी गाठले, पुन्हा कफल्लक केले. दक्षिणी ब्राह्मण दिसला की हा नानासाहेबाचा माणूस असावा, असा संशय घेण्याचे ते दिवस. जवळ पैसा नाही, घरी निरोप पाठवायची सोय नाही. अशाही अवस्थेत मिळेल ते अन्न खात, पडेल ते धर्मकृत्य करीत त्यांनी ब्रह्मावर्त, काशी अशी तीर्थे केली आणि मग घरची वाट धरली.

घरी काय आणले?

अडीच-तीन वर्षांनी विष्णुभट वरसईला परतले. कर्ज फेडायला निघाले होते, पण कर्ज फिटेल एवढी रक्कम काही हाती राहिली नव्हती. खांद्यावर होती गंगाजलाची कावड. एवढे अंतर, एवढी लुटालूट, तरी ती त्यांनी सांभाळून आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. व्यवहाराने पाहिले तर सगळा दौरा तोट्यात गेला. पण त्या वृद्ध आईवडिलांना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते?

यानंतरचे आयुष्य पुन्हा भिक्षुकीचे, गावातले. ही हकिकत यजमानांच्या ओसरीवर सांगितली जाऊन तिथेच विरून गेली असती. पण त्यांच्या यजमानांपैकी कल्याणच्या वैद्यांच्या घरात एक हुशार मुलगा होता, चिंतामण विनायक वैद्य. महाभारताचे अभ्यासक म्हणून पुढे ते भारताचार्य म्हणून ओळखले गेले. त्यांनी भटजींच्या मागे लागून, त्यासाठी पैसे देऊ करून, सगळे लिहून काढायला लावले. १८८३ साली ते लेखन झाले. तेव्हा वैद्य अवघे बावीस वर्षांचे होते आणि भटजी पंचावन्न ओलांडलेले.

इंग्रजांचे राज्य होते. बंडातल्या राणीबद्दल आदराने लिहिणे धोक्याचे होते. म्हणून आपण हयात असेपर्यंत हे छापू नये, अशी भटजींची अट होती. वैद्यांनी ती पाळली. १९०७ साली, उठावाला ५० वर्षे झाल्यावर, पुस्तक निघाले. वैद्यांनी त्यात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून भटजींचे खरे लेखन महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वाचकांपुढे आणले. हिंदीत अमृतलाल नागरांसारख्या मोठ्या लेखकाने त्याचा अनुवाद केला, पुढे इंग्रजीतही अनुवाद झाले. पंचवीस वर्षांनी आठवणीवर विसंबून लिहिल्यामुळे त्यात तारखांच्या आणि ऐकीव माहितीच्या चुका आहेत. तरीही एका सामान्य मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेला उठाव म्हणून या पुस्तकाची बरोबरी दुसरे पुस्तक करू शकत नाही.

आमच्या घरातली पत्र्याची पेटी

घरी आल्यावर मी आईला बॅगेची फजिती सांगितली आणि गोडसे भटजींचीही गोष्ट सांगितली. लग्नाच्या कर्जापायी ते घराबाहेर पडले, हे ऐकल्यावर आई गप्प झाली. मग म्हणाली, तुझे वडीलही तसेच आले होते.

मला हे माहीत नव्हते. आमचे गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. वडील १९७२ साली ताप्ती लाईनच्या गाडीने सुरतेला आले. ते दुष्काळाचे वर्ष, त्यामुळे दुष्काळानेच आणले असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. ते स्वतः काही सांगत नसत. विचारले तर सुरत बघायची हौस होती, म्हणून आलो, असे हसून म्हणत. लूमच्या खात्यात रात्रपाळ्या केल्या, आधी उधन्यात भाड्याच्या खोलीत राहिले, मग भेस्तानला घर केले. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली.

आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. तळाशी सुतळीने बांधलेला मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा होता. दहा रुपये, पंधरा रुपये, कधी वीस. दर महिन्याला. पैसे घेणारा आमच्या घरातला कोणी नव्हता, गावचा सावकार होता. शेवटची पावती १९७९ ची. सात वर्षे! अंदाजपत्रके करायची सवय असल्याने मी तिथेच बसून बेरीज केली. त्या काळातल्या पगारात एवढी रक्कम पाठवणारा माणूस स्वतः काय खात असेल, हा हिशेब मात्र मला जमला नाही.

दिवाळीनंतर त्या पावत्या घेऊन मी गावी गेलो. आत्या आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. ते कर्ज तिच्याच लग्नाचे होते. वडील पहिली काही वर्षे गावी फिरकले नाहीत, राखीलाही आले नाहीत, म्हणून भाऊ शहरात जाऊन आपल्याला विसरला, असे ती पन्नास वर्षे मनात धरून बसली होती. गाडीभाड्याचे पैसेही ते सावकाराला पाठवत होते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. वडिलांनीही नाही. तिने पावत्या एकेक करून हातात घेतल्या. तिला वाचता येत नाही. मी तारखा वाचून दाखवत राहिलो. निघताना तिने त्यातली एक पावती मागून घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

वडील असताना मी त्यांना हे विचारले असते, तर बहीणभावांतला हा गैरसमज त्यांच्या हयातीतच मिटला असता. ही खंत आता माझ्याबरोबर राहणार. वैद्यांनी भटजींना वेळेवर विचारले. मी विचारले नाही, एवढाच फरक.

भेस्तान, उधना, पांडेसरा, लिंबायत या सगळ्या भागात आपली मराठी घरे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या आहेत. प्रत्येक घरातले कोणीतरी पहिल्यांदा गाव सोडून या गाडीत बसले होते. कशासाठी बसले, वाटेत काय झाले, पहिली रात्र कुठे काढली, हे सांगणारी माणसे अजून काही घरांत आहेत. ती मोठ्या राण्यांना भेटली नसतील, पण त्यांच्याही खांद्यावर कावड होती. यंदा आरतीनंतर प्रसाद घेऊन घरी गेलात की त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि वहीत लिहून घ्या. शुद्धलेखनाची काळजी नको. मंडळाच्या कपाटात अशा वह्यांसाठी एक खण मोकळा ठेवावा, अशी कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पहिली वही मी लिहायला घेतली आहे.

गणपती बाप्पा मोरया!